कॉलेजबद्दल इंग्रजीत बोलायचं, तर शब्द कुठले शिकायचे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही खानापूर तालुक्यातल्या. एसएसएलसीपर्यंत, म्हणजे दहावीपर्यंत, मराठी माध्यम, मग बेळगावात पीयूसी (अकरावी-बारावी) कॉमर्स, आणि आता बी.कॉम.चं शेवटचं वर्ष. पुढच्या महिन्यात पुण्याच्या एका कंपनीची निवड आहे आणि तिथल्या गटचर्चेत 'कॉलेज शिक्षण आणि त्यातल्या अडचणी' अशा धर्तीचा विषय येतो, असं सीनिअर मुलींनी सांगितलंय. म्हणून तुम्ही पाचशे शब्दांची एक पीडीएफ मिळवली आणि रोज वीस शब्द पाठ केले. पण मैत्रिणींबरोबर सराव करताना तीन वाक्यांपुढे गाडी गेली नाही. आता विचारताय की नेमके कुठले शब्द शिकू आणि रोज किती?

मी गेली २२ वर्षं बेळगावात पदवीच्या मुलांना इंग्रजी शिकवते. वर्गातली निम्म्याहून जास्त मुलं मराठी नाहीतर कन्नड माध्यमातून आलेली असतात. त्यांच्याकडे पाहून सांगते, तुम्हाला शब्द कमी पडत नाहीत. ते वापरायचे कसे, हे तुम्हाला कुणी दाखवलेलं नाही. त्या पीडीएफने तर उलटच केलं. जे शब्द तुम्ही आयुष्यात कधी बोलणार नाही तेच आधी शिकायला लावले.

एक गोष्ट आधी स्पष्ट करते. ऐकणारा कोण आहे, यावर बरंच ठरतं. पुण्यातल्या निवड समितीला भारतीय वळणाचं इंग्रजी समजतं आणि चालतं. परदेशी विद्यापीठासाठी आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा द्यायची असेल तर काही शब्द बदलावे लागतील. मी पुणं धरून लिहिते आणि परदेशी कानाला जिथे अडेल तिथे तसं सांगते.

आज संध्याकाळी घरी एक करून पाहा. आईला कॉलेजची हकीकत सांगा आणि स्वतःचं बोलणं ऐका. साधारण असं काहीतरी येईल: 'आई, अटेंडन्सची शॉर्टेज आलीय, इंटर्नलला मार्क्स कमी पडले, स्कॉलरशिप सँक्शन झाली पण जमा नाही झाली, म्हणून फीचा दुसरा इन्स्टॉलमेंट भरायचा राहिलाय.' एका दमात आठ इंग्रजी शब्द आले आणि एकही पाठ करावा लागला नाही. आता नीट बघा, यातली नामं इंग्रजी आहेत आणि क्रियापदं मराठी: आली, पडले, झाली, भरायचा राहिला. आपल्याकडच्या प्रत्येक मुलाचं असंच असतं. इंग्रजीत बोलायची वेळ येते तेव्हा नाम तयार असतं, पण क्रियापद मराठीतून उचलून आणावं लागतं, आणि तिथेच जीभ अडते किंवा चुकते. म्हणून माझं पहिलं सांगणं, महिनाभर नामांची यादी बाजूला ठेवा आणि क्रियापदांच्या मागे लागा.

'भरणे' घ्या. आपण फॉर्म भरतो आणि फीही भरतो. इंग्रजीत फॉर्म 'फिल इन' करतात, पण फी 'पे' करतात. 'आय फिल्ड द फीज' हे वाक्य मी दर वर्षी जूनमध्ये ऐकते. 'घेणे'चंही तसंच. आपण शिक्षण घेतो, अ‍ॅडमिशन घेतो, डिग्री घेतो, म्हणून मुलं 'टेकिंग एज्युकेशन' म्हणतात. इंग्रजीत शिक्षण 'गेट' किंवा 'रिसीव्ह' करतात, डिग्री 'अर्न' करतात, कोर्सला 'एन्रोल' होतात. हवा होता तिथेच प्रवेश मिळाला, तर 'आय गॉट इन्टू' म्हणायचं. त्यात प्रयत्न करून मिळवल्याचा भाव येतो. 'टुक अ‍ॅडमिशन' पुण्यात खपून जाईल, पण 'एन्रोल' कुठेही चालेल.

'विषय राहिला' याचं 'वन सब्जेक्ट रिमेन्ड' होत नाही. 'आय फेल्ड वन पेपर', आणि लगेच पुढे 'आय क्लिअर्ड इट इन द नेक्स्ट अटेम्प्ट'. दोन्ही वाक्यं एकत्रच पाठ करा, कारण मुलाखतीत पहिलं एकटं बोललात तर दुसरं आठवेपर्यंत समोरच्याचा पुढचा प्रश्न येतो. 'मार्क पडले' याला 'आय स्कोअर्ड' किंवा साधं 'आय गॉट'.

'सुटणे' या शब्दापाशी मी वर्गात नेहमी थांबते. 'शाळा सुटली' म्हणजे पाच वाजता घंटा झाली. आणि 'दहावीनंतर ताईची शाळा सुटली' म्हणजे तिचं शिक्षणच थांबलं. पहिल्याला 'स्कूल गॉट ओव्हर' किंवा 'स्कूल एन्डेड फॉर द डे'. दुसऱ्याला 'शी हॅड टू ड्रॉप आउट'. त्यातलं 'हॅड टू' विसरू नका. नुसतं 'शी ड्रॉप्ड आउट' म्हटलं तर तिने आपणहून शाळा सोडली असंही वाटू शकतं. 'हॅड टू' लावलं की नाइलाज दिसतो. अडचणींविषयी बोलायचं असेल तर हे दोन छोटे शब्द पीडीएफमधल्या पन्नास शब्दांपेक्षा जास्त कामाचे आहेत.

परीक्षेची गोष्ट तर खास आपल्या भागातली. मराठीत आपण परीक्षा देतो. कन्नडमध्ये परीक्षा लिहितात, 'परीक्षे बरेयोदु'. त्यामुळे एकाच बाकावरच्या दोन मुलींपैकी मराठी मुलगी 'आय गेव्ह द एक्झाम' म्हणते आणि कन्नड मुलगी 'आय रोट द एक्झाम'. दोघीही आपापल्या आईच्या भाषेशी प्रामाणिक असतात. पण भारताबाहेर परीक्षा 'गिव्ह' करतो तो शिक्षक, विद्यार्थी ती 'टेक' करतो. ब्रिटनमध्ये 'सिट'ही म्हणतात. 'राइट' तिकडेही काही ठिकाणी चालतं, त्यामुळे तुमच्या कन्नड मैत्रिणीला फारसं बदलावं लागणार नाही. तुम्ही मात्र 'टेक'ची सवय लावून घ्या.

आता दुसरी गोष्ट. काही इंग्रजी शब्द बेळगावात एक अर्थ सांगतात आणि वेशीबाहेर दुसरा, किंवा बाहेर ते कुणाला माहीतच नसतात. आपण सीमेवर राहतो, त्यामुळे हा फरक बघायला परदेशी जावं लागत नाही, कोल्हापुरापर्यंत गेलं तरी पुरे. आपल्याकडचं 'मार्क्स कार्ड' तिकडे 'मार्कशीट' होतं. विषय राहिला की आपला 'बॅक' राहतो, तिकडे 'एटीकेटी' लागते. निपाणीकडचा माझा एक विद्यार्थी एम.कॉम.च्या प्रवेशासाठी कोल्हापूरला गेला. खिडकीवर 'बोनाफाईड' मागितलं, तर माझ्याकडे ते नाही म्हणून तो अर्धा दिवस बाकावर बसून राहिला. त्याच्या पिशवीत 'स्टडी सर्टिफिकेट' होतं. कागद एकाच कामाचा, फक्त नाव वेगळं. परदेशी माणसाला ही दोन्ही नावं कळणार नाहीत, त्याला 'प्रूफ ऑफ एन्रोलमेंट' म्हणावं लागेल, आणि सगळ्या सत्रांच्या मार्क्स कार्डांच्या जागी 'ट्रान्स्क्रिप्ट'.

'पीयूसी' तर पुण्यातही समजावून सांगावं लागतं. आपल्याकडे पीयूसीला गेलं की मूल 'कॉलेजला गेलं'. तिकडे ती अकरावी-बारावी, म्हणजे 'ज्युनिअर कॉलेज' आणि 'एचएससी'. 'आफ्टर माय पीयूसी, दॅट इज, ट्वेल्फ्थ' असं एका श्वासात म्हणून टाका. 'दॅट इज' हे दोन शब्द सीमाभागातल्या माणसाला जन्मभर उपयोगी पडतात.

'ट्यूशन' आपल्याकडे संध्याकाळी लावतात, अमेरिकेत तो शब्द मुख्यतः कॉलेजच्या शिकवण्याच्या फीसाठी आहे. म्हणून आपल्या अर्थासाठी 'कोचिंग क्लास' किंवा 'प्रायव्हेट ट्यूशन' म्हणावं. 'पास्ड आउट' म्हणजे आपल्याकडे पदवी घेऊन बाहेर पडलो, परदेशी कानाला ते 'शुद्ध हरपली' असं ऐकू येतं. 'ग्रॅज्युएटेड' म्हणा. 'ड्रॉप घेतला' म्हणजे वर्षभर थांबून तयारी केली, पण तो 'ड्रॉप आउट'च्या इतका जवळ आहे की समोरच्याचा गैरसमज होतो, त्याऐवजी 'आय टुक अ गॅप इयर' बरं. आणि स्कॉलरशिप 'सँक्शन' झाली हे आपल्या बँकेत, पंचायतीत, कॉलेजात सगळ्यांना कळतं, पण जगाच्या बातम्यांत 'सँक्शन्स' म्हणजे निर्बंध. 'अप्रूव्ह्ड' म्हटलं की वाद नाही. पैसे खात्यात आले नसतील तर 'अप्रूव्ह्ड बट नॉट येट क्रेडिटेड'.

हे सगळं वाचून आपलं इंग्रजी चुकीचं आहे असं कृपा करून समजू नका. 'मार्क्स कार्ड' हा शब्द कर्नाटकात छापील आहे, त्यात लाजण्यासारखं काही नाही. २०१० साली राणी चन्नम्मा विद्यापीठ झालं, त्याआधी आमच्या कॉलेजची मार्क्स कार्डं धारवाडहून यायची. विद्यापीठ बदललं, शब्द राहिला. तो कुठे चालतो आणि कुठे चालत नाही, एवढंच ओळखायचं.

आता मूळ विषयाकडे, म्हणजे अडचणींकडे. मुलं 'मेनी प्रॉब्लेम्स आर देअर' म्हणतात आणि थांबतात, कारण अडचण सांगायला लागणारी क्रियापदंही मराठीतच असतात. इथे एक सोय आहे. आपण अडचणीला 'तोंड देतो', आणि इंग्रजीतही तोंडाचाच शब्द आहे, 'फेस'. इथे बिनधास्त भाषांतर करा. 'मात करणे' याला 'ओव्हरकम'. कसंबसं निभावून नेणे याला 'कोप विथ'. पण 'डिस्कस'च्या मागे 'अबाउट' लावू नका. मराठीत आपण कशाबद्दल तरी चर्चा करतो, म्हणून तो आपोआप येतो. इंग्रजीत थेट 'डिस्कस द प्रॉब्लेम'. तसंच 'डिफिकल्टी टू अंडरस्टँड' नाही, 'डिफिकल्टी अंडरस्टँडिंग'.

माध्यम बदलण्याचा त्रास तुम्ही स्वतः सोसलाय, आणि त्या गटात त्यावर सगळ्यांत खरं तुम्हीच बोलू शकाल. त्यासाठी तीन जोड्या पुरतात: 'फॉल बिहाइंड' म्हणजे मागे पडणे, 'कीप अप विथ' म्हणजे बरोबरीने चालणे, 'कॅच अप' म्हणजे मागचं भरून काढणे. पीयूसीच्या पहिल्या वर्षी तुम्ही मागे पडला असाल, दुसऱ्या वर्षी भरून काढलं असेल. ही एक पूर्ण गोष्ट आहे आणि ती या तीन क्रियापदांत मावते. चक्रवाढ व्याज तुम्ही शाळेत मराठीत सोडवलं होतं. पीयूसीत 'कंपाउंड इंटरेस्ट' फळ्यावर आलं तेव्हा ते काही नवीनच आहे असं वाटलं असेल. माझ्या विद्यार्थ्यांपैकी बहुतेकांना असंच वाटलेलं असतं. यासाठी वाक्य आहे: 'आय न्यू द कन्सेप्ट, बट नॉट द टर्म.' मला कल्पना माहीत होती, तिचं नाव माहीत नव्हतं. मराठी माध्यमाच्या मुलाची बाजू याहून नेमकी मांडता येत नाही.

'आय अ‍ॅम फ्रॉम व्हर्नाक्युलर मीडियम' असं मान खाली घालून म्हणू नका. 'आय स्टडीड इन मराठी अप टू टेन्थ' असं सरळ सांगा. घरातली कॉलेजला गेलेली पहिली मुलगी असाल तर त्यालाही नाव आहे, 'फर्स्ट-जनरेशन स्टुडंट', आणि हा शब्द निवड करणाऱ्यांना चांगला माहीत असतो.

दोन शब्दांमधला फरक मी मुद्दाम लांबवून सांगते, कारण त्यातून अख्खी चर्चा उभी राहते: 'अफोर्ड' आणि 'अ‍ॅक्सेस'. 'अफोर्ड' म्हणजे परवडणे. 'अ‍ॅक्सेस' म्हणजे एखादी गोष्ट आपल्यापर्यंत पोचणे, किंवा आपण तिच्यापर्यंत. जून २०२३ पासून कर्नाटकात शक्ती योजनेखाली मुलींना सरकारी साध्या बसचा प्रवास मोफत आहे. म्हणजे खानापूरहून बेळगावचं येणं-जाणं आता परवडतं. पण प्रॅक्टिकल संपायच्या आधी गावाची शेवटची बस निघून जात असेल, किंवा कणकुंबी-जांबोटीकडच्या पावसात ती वेळेवर येतच नसेल, तर कॉलेज परवडतं पण पोचत नाही. 'इट इज अफोर्डेबल, बट नॉट ऑल्वेज अ‍ॅक्सेसिबल.' हे वाक्य गटचर्चेत बोलणारी मुलगी पाठांतर करून आलेली नाही हे समोरच्याला लगेच कळतं. आणि त्या रोजच्या येण्या-जाण्याला, ज्याला आपण 'अप-डाऊन' म्हणतो, इंग्रजीत 'कम्यूट' म्हणतात.

वाक्य बांधायची माझी पद्धत तीन पायऱ्यांची आहे. आधी घरची गोष्ट, मग तशा अनेकांची, मग त्यावर काय करता येईल. समजा, घरी ऊस आहे. पहिली पायरी: 'माय फादर गेट्स पेड ओन्ली वन्स ऑर ट्वाइस अ इयर.' दुसरी: 'फॅमिलीज विथ सीझनल इन्कम फाइंड इट हार्ड टू पे फीज बाय अ फिक्स्ड डेट.' तिसरी: 'कॉलेजेस कुड लेट देम पे इन इन्स्टॉलमेंट्स.' यातला एकही शब्द कठीण नाही. पहिलं वाक्य आठवलं की दुसरं त्याच्या मागून येतं, कारण मुळात ते तुमच्या घरात घडलेलं आहे. पाठ केलेली यादी घाबरल्यावर विसरते. कारखान्याचं बिल आलं नव्हतं तो महिना कुणी विसरत नाही.

यादी हवीच असेल तर कुठली, तेही सांगते. २००० साली न्यूझीलंडच्या अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांनी अभ्यासविषयक लिखाणात वारंवार येणाऱ्या ५७० शब्दकुटुंबांची यादी केली. शब्दकुटुंब म्हणजे एका शब्दाची सगळी रूपं, जसं 'असेस', 'असेसमेंट', 'असेस्ड'. कॉलेजच्या पुस्तकांतला साधारण दहावा हिस्सा मजकूर या शब्दांनी व्यापलेला असतो. त्यातले 'इन्कम', 'पॉलिसी', 'रिक्वायर', 'बेनिफिट', 'असेस', 'अ‍ॅक्सेस', 'इन्स्टिट्यूट', 'चॅलेंज' हे शब्द तुमच्या विषयाला थेट लागतात आणि बी.कॉम.च्या पुस्तकांत तुम्ही ते आधीच पाहिलेत. तुमच्या पीडीएफमधले 'प्लेथोरा' आणि 'कनंड्रम' आत्ता सोडून द्या. ते वाचताना समजले तरी पुरे, बोलताना त्यांची गरज पडत नाही.

उच्चाराची फार काळजी नको, बेळगावची लकब असली तरी काही बिघडत नाही. फक्त 'अ‍ॅक्सेस' (पोहोच), 'असेस' (मूल्यमापन करणे) आणि 'एक्सेस' (जास्तीचे) हे तीन वेगळे ऐकू येऊ द्या. आणि 'करिअर' म्हणताना जोर शेवटच्या भागावर द्या, नाहीतर तो सायकलच्या मागचा 'कॅरिअर' होतो.

रोज किती, हा तुमचा दुसरा प्रश्न. महिनाभर हातात असेल तर रोज पाच क्रियापदं, प्रत्येक आपल्या नामासकट. 'पे' एकटं लिहायचं नाही, 'पे द फीज' लिहायचं. वहीच्या डाव्या पानावर मराठी वाक्य, तेही तुमच्या घरच्या बोलीतलं, आणि उजव्या पानावर इंग्रजी. दुसऱ्या दिवशी उजवं पान झाका, डावं वाचा आणि इंग्रजी मोठ्याने म्हणा. नुसतं वाचून काढलं तर येतंय असं वाटतं, पण येत नाही. झाकून आठवावं लागलं तरच ते बसतं. तेच पान तिसऱ्या दिवशी परत घ्या, मग आठवड्याने. जी वाक्यं दोनदा अडली त्यांच्यावर खूण करा. दिवसाला पाऊण तासापेक्षा जास्त वेळ लागणार नाही, आणि बसमध्ये बसायला जागा मिळाली तर अर्धं काम तिथेच होईल. नोकरी सांभाळून किंवा परीक्षेच्या तोंडावर हे करत असाल तर पाचाचे तीन करा, पण मध्ये खंड पाडू नका.

शेवटच्या आठवड्यात नवीन काही घेऊ नका. चार जणी जमवा, त्यात एखादी कन्नड मैत्रीण असू द्या, म्हणजे मराठीत घसरायची सोय राहणार नाही. दहा मिनिटं याच विषयावर बोला आणि मोबाइलवर रेकॉर्ड करा. ऐकताना फक्त क्रियापदं तपासा, बाकी काही नाही.

त्याआधी या आठवड्यात एवढं करा: प्रवास, फी, माध्यम आणि शिकवणी, या चारांवर तुमच्या घरची प्रत्येकी दोन वाक्यं लिहा, डाव्या पानावर मराठी आणि उजव्या पानावर जमेल तसं इंग्रजी. ती आठ वाक्यं इथेच टाका. मी क्रियापदं तपासून रविवारपर्यंत उत्तर देते.